नाव जुने, कंद नवा : भाजलेल्या रताळ्याचा बेळगाव-बंगळूर परिसरातील इतिहास

प्रास्ताविक

भाजलेले रताळे हा मराठी घरातील सर्वांत कमी कृतीचा पदार्थ होय. चुलीतील जाळ ओसरला की निखारे बाजूला सारावेत, मागे राहिलेल्या फुफाट्यात अखंड रताळी पुरावीत, मधूनमधून चिमट्याने फिरवावीत आणि बोटाने दाबल्यावर मऊ लागली की बाहेर काढून राख झटकावी, एवढाच त्याचा विधी. यात फोडणी नाही, प्रमाण नाही, मसाला नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 साली प्रसिद्ध झाले आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ 1910 साली. तेव्हापासून छापील मराठी पाकशास्त्राची जी परंपरा सुरू झाली, तिचे लक्ष स्वाभाविकपणे मापून सांगता येणाऱ्या पदार्थांकडे राहिले. ज्याला माप नाही ते शिकवण्याची गरज कोणाला वाटत नाही, आणि जे शिकवावे लागत नाही ते सहसा लिहिले जात नाही. त्यामुळे भाजलेल्या रताळ्याचा इतिहास शोधताना पाकग्रंथांपेक्षा शब्द, व्रताचार, शेती आणि बाजार या साधनांचा आधार अधिक घ्यावा लागतो.

हा इतिहास शोधण्याजोगा आहे, याचे कारण त्यातील एक ठळक विसंगती होय. महाशिवरात्रीच्या किंवा एकादशीच्या उपवासाला खाल्ले जाणारे रताळे हे ऋषिमुनींच्या कंदमुळांचा वारसा म्हणून लोकमानसात रुजलेले आहे. प्रत्यक्षात हा कंद अमेरिका खंडातला असून भारतातील त्याचे वय सुमारे चारशे ते पाचशे वर्षे, म्हणजे साधारणपणे पोर्तुगीज राजवटीइतके आहे. एक परका कंद इतक्या थोड्या काळात ‘प्राचीन’ कसा झाला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याच्या उत्तरासाठी कर्नाटकातील दोन ठिकाणे विशेष उपयोगी पडतात. पहिले, बेळगावच्या पश्चिमेकडील मराठी भाषक शेतकऱ्यांचा रताळ्याचा पट्टा. दुसरे, बंगळूर शहर. येथे मराठी ‘रताळे’ आणि कन्नड ‘गेणसु’ ही दोन नावे, आणि त्यांच्यासोबत येणारे दोन आचार, गेली कित्येक पिढ्या शेजारी नांदत आले आहेत.

शब्दांची अदलाबदल

‘रताळे’ हा शब्द संस्कृत ‘रक्तालु’ यावरून आला. ‘आलु’ हा संस्कृतात कंदांच्या एका वर्गाचा वाचक आहे. भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या सोळाव्या शतकातील वैद्यकग्रंथात काष्ठालु, शंखालु, हस्त्यालु, पिंडालु, मध्वालु आणि रक्तालु असे आलूचे प्रकार सांगितले आहेत. हाच ग्रंथ पोर्तुगीजांबरोबर आलेल्या ‘फिरंग’ रोगाचीही नोंद करतो, म्हणजे तो युरोपीय संपर्काच्या काळातला आहे. म्हणून त्यातील एकट्या शब्दावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. परंतु आलूंचे वर्गीकरण करण्याची पद्धत या ग्रंथापेक्षा जुनी आहे, आणि रक्तालु म्हणजे मूळचा कोणता कंद, याचा पुरावा आजच्या बोलीभाषेत शिल्लक आहे. गुजरातीत ‘रताळू’ म्हणजे आजही जांभळ्या गराचा कोनफळाच्या जातीचा कंद. उंधियूत पडते ते हेच रताळू. मराठीत ज्याला रताळे म्हणतात त्याला गुजरातीत ‘शक्करियुं’ असे वेगळे नाव आहे. एकाच संस्कृत शब्दाची ही दोन अपत्ये दोन भिन्न वनस्पतींना चिकटली आहेत. गुजरातीने जुने नाव जुन्याच कंदाकडे ठेवले आणि नव्या कंदासाठी साखरेवरून नवे नाव घडवले. मराठीने जुने नाव नव्या कंदाला देऊन टाकले आणि जुन्या कंदासाठी ‘कोनफळ’ हा शब्द वापरात ठेवला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती 1831 ची आणि दुसरी 1857 ची. त्या कोशात रताळे या शब्दाचा अर्थ आजचाच आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत हे स्थलांतर पूर्ण झाले होते, हे यावरून स्पष्ट होते.

या अदलाबदलीला दुसरीही बाजू आहे. ‘बटाटा’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला, आणि पोर्तुगीजांकडे तो कॅरिबियन बेटांवरील ताईनो लोकांच्या भाषेतून. त्या लोकांच्या तोंडी ‘बताता’ म्हणजे रताळेच होते. आपण ज्याला बटाटा म्हणतो तो कंद दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतला असून तेथील केचुआ भाषेत त्याचे नाव ‘पापा’ असे आहे. युरोपात हे दोन्ही कंद पोचल्यावर नावांचा गोंधळ झाला. इंग्रजीतील ‘पोटॅटो’ हा शब्दही आरंभी रताळ्यालाच लावला जात असे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर बटाट्याचा खरा प्रसार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर झाला. तोपर्यंत रताळे येथे स्थिरावून ‘रक्तालु’च्या घरात राहायला गेलेले होते. परिणाम असा झाला की, मराठीत रताळ्याचे स्वतःचे अमेरिकन नाव बटाट्याला मिळाले आणि रताळ्याला कोनफळाचे संस्कृत नाव मिळाले. ज्याचे नाव परके राहिले तो बटाटा ‘विलायती’ ठरला, आणि ज्याचे नाव संस्कृतोद्भव झाले ते रताळे ‘आर्ष’ ठरले. दोघेही आले मात्र एकाच खंडातून.

कन्नडात या प्रक्रियेचे निराळे रूप दिसते. ‘गेणसु’ हा शब्द कन्नडात खाण्याजोग्या कंदाचा वाचक आहे. बंगळुरात रताळ्याला ‘सिहिगेणसु’, म्हणजे गोड गेणसु, म्हणतात. अमेरिकेतूनच आलेल्या टॅपिओकाच्या कंदाला ‘मरगेणसु’, म्हणजे झाडाचे गेणसु, असे नाव आहे. बटाट्याला ‘आलूगड्डे’ म्हणतात. येथे संस्कृत ‘आलु’ हा शब्द बटाट्याच्या वाट्याला आला. गोव्याच्या कोकणीत ‘कणंग’ हे नाव रताळ्याला लागते, तर ‘काटेकणंग’ हा कोनफळाच्या कुळातील जुना कंद आहे. तमिळमधील ‘शर्करैवळ्ळि किळंगु’ आणि हिंदीतील ‘शकरकंद’ या नावांत साखरेचा उल्लेख आहे. थोडक्यात, प्रत्येक भाषेने नव्या कंदाला आपल्या घरातील एखाद्या जुन्या कंदाच्या शेजारी बसवले. फरक एवढाच की, बहुतेक भाषांनी ‘गोड’ किंवा ‘साखर’ असे विशेषण जोडून तो नवा असल्याची खूण ठेवली. मराठीने ती खूणही ठेवली नाही.

आगमनाचा काळ

रताळे मूळचे कोठले, याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांत आता मूलभूत मतभेद राहिलेला नाही. लागवडीखालील रताळ्याचे मूळ मध्य अमेरिका व दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात आहे. लिनियसने 1753 साली त्याला शास्त्रीय नाव देताना ‘बताता’ हाच शब्द घेतला. पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशियन बेटांवर मात्र हा कंद कोलंबसाच्या आधीच पोचला होता. कुक द्वीपसमूहातील मांगाया बेटावर सापडलेले त्याचे जळके अवशेष याची साक्ष देतात. तो तेथे माणसांनी नेला की समुद्रप्रवाहांनी, हा वाद अद्याप चालू आहे.

2018 साली मेघालयात सापडलेल्या सुमारे पाच कोटी सत्तर लक्ष वर्षांपूर्वीच्या पर्णजीवाश्मांचे संशोधन प्रसिद्ध झाले, तेव्हा रताळे मूळचे भारतीयच असल्याचा समज काही ठिकाणी पसरला. त्या जीवाश्मांवरून रताळ्याच्या कुळाचा, म्हणजे निशोत्तर, गारवेल इत्यादी वेलींचा ज्यात समावेश होतो त्या कुळाचा, उगम आशियात झाला असावा असे अनुमान निघते. माणसाने लागवडीत आणलेल्या गोड कंदाचा इतिहास काही सहस्र वर्षांचा आहे. कुळाचा उगम आणि पिकाचा उगम या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे.

भारतात हा कंद पोर्तुगीजांच्या मार्गाने आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. 1498 साली वास्को द गामा कालिकतला पोचला आणि 1510 साली गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत अननस, काजू, मिरची, पेरू, रताळे ही अमेरिकन पिके पश्चिम किनाऱ्यावरून आत सरकली. सर टॉमस रो याच्या वकिलातीबरोबर मोगल दरबारी आलेला पाद्री एडवर्ड टेरी याने आसफखानाच्या मेजवानीतील ‘पोटॅटो’चा उल्लेख केला आहे. त्याचे प्रवासवृत्त 1655 साली प्रसिद्ध झाले. त्या काळातील इंग्रजी शब्दार्थ लक्षात घेता हा उल्लेख रताळ्याचा असावा, असे मत अभ्यासकांनी मांडले आहे. 1678 ते 1693 या काळात आम्सटरडॅमहून प्रसिद्ध झालेल्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या ग्रंथात ‘कप्पा-केळंगु’ या नावाने ज्या वेलीचे चित्र व वर्णन आले आहे, ती रताळ्याची वेल म्हणून ओळखली गेली आहे. पुढे मलयाळमात ‘कप्पा’ हे नाव टॅपिओकाकडे गेले. नवा कंद आला की जुन्याचे नाव घेऊन बसतो, हा नियम येथेही दिसतो.

याच शतकात बंगळूरचा मराठ्यांशी संबंध जुळला. 1638 च्या सुमारास विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाच्या वंशजांकडून बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. शहाजीराजांनंतर ते एकोजीराजांकडे राहिले. एकोजी 1675-76 च्या सुमारास तंजावरला गेल्यावर 1687 मध्ये मोगलांनी ते घेतले आणि त्याच वर्षी म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे ते सोपवले गेले. या अर्धशतकात मराठी बोलणारी कुटुंबे शहरात आणि परिसरात स्थिरावली, आणि पुढील काळात त्यांत विविध व्यवसायांच्या समाजांची भर पडत गेली. मराठ्यांचे बंगळुरात येणे आणि रताळ्याचे दख्खनमध्ये पसरणे या दोन घटना ढोबळमानाने समकालीन आहेत. या शहरातील मराठी माणूस आणि त्याच्या उपवासाच्या ताटातील रताळे, वयाने जवळपास सारखेच ठरतात.

व्रताचे दार

नव्या अन्नाला धर्माचाराचे दार सहसा उशिरा उघडते. रताळ्याला ते लवकर आणि पूर्णपणे उघडले गेले. त्याचे कारण धर्मशास्त्राच्या वर्गवारीत सापडते. व्रतभंग न करणाऱ्या आठ गोष्टी परंपरेने सांगितल्या आहेत : पाणी, मूळ, फळ, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. या यादीत विशिष्ट वनस्पतींची नावे नाहीत, वर्ग आहेत. जमिनीखाली वाढणारा, धान्य नसलेला, नांगराविना मिळू शकणारा खाद्यपदार्थ ‘मूळ’ या वर्गात बसतो. रताळे त्यात सहज बसले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तर ते कोनफळापेक्षा व बटाट्यापेक्षा या वर्गाला अधिक योग्य आहे. बटाटा आणि कोनफळ हे खोडापासून बनलेले कंद आहेत, तर रताळे हे अन्न साठवून फुगलेले खरोखरीचे मूळ आहे.

त्याला ‘रक्तालु’चे नावही मिळालेले असल्याने शंकेला जागा राहिली नाही. रताळे आधी आले, जुन्या नावाने उपवासात स्थिरावले आणि त्यानंतर बटाटा, शेंगदाणा, राजगिरा, हिरवी मिरची व टॅपिओकापासून केलेला साबुदाणा ही मंडळी त्याच वाटेने आत आली, असे अनुमान करता येते. आजच्या मराठी उपवासाच्या ताटातील बहुतेक पदार्थांचे मूळ अमेरिकेत निघते, हे लक्षणीय आहे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या म्हणीतील विनोदाला या इतिहासाची जोड दिल्यास असे म्हणता येईल की, ही दुप्पट ज्यांनी भरून काढली ते पदार्थ बव्हंशी समुद्रापलीकडचे आहेत.

हे दार सर्वांसाठी मात्र सारखे उघडले नाही. बंगळुरातील माध्व संप्रदायी घरांत, ज्यांत कन्नड व मराठी बोलणारी देशस्थ कुटुंबेही आहेत, एकादशीचा उपवास कडक असतो. त्या दिवशी रताळ्याचाही प्रश्न उद्भवत नाही. द्वादशीला पारणे फिटते. जैन आचारात जमिनीखालील कंद वर्ज्य असल्याने तेथे रताळ्याला प्रवेशच नाही. म्हणजे एकाच शहरात, एकाच तिथीला, एका घरात रताळी भाजली जातात, दुसऱ्यात चूल पेटत नाही आणि तिसऱ्यात रताळे घरातच येत नाही. ‘भारतीय परंपरेत रताळे पवित्र मानले जाते’ यासारखी सरसकट विधाने या वस्तुस्थितीपुढे टिकत नाहीत.

कन्नड घरांत रताळ्याचा मुख्य सण उपवासाचा नसून संक्रांतीचा आहे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बंगळूरच्या कृष्णराजेंद्र मार्केटात, गांधी बाजारात व मल्लेश्वरमच्या बाजारपेठेत ऊस, अवरेकाई म्हणजे पावट्याच्या शेंगा, भुईमुगाच्या शेंगा आणि सिहिगेणसु यांचे ढीग लागतात. एळ्ळु-बेल्ल म्हणजे तीळगूळ वाटला जातो आणि शेंगा, पावटे व रताळी उकडून नैवेद्याला व खायला ठेवली जातात. येथे रताळे सुगीचे प्रतीक आहे. त्याच्या शेजारी असलेला भुईमूगही अमेरिकनच. कार्तिकातील शेवटच्या सोमवारी बसवनगुडीतील दोड्ड बसवण्णाच्या देवळाजवळ भरणाऱ्या ‘कडलेकाई परिषे’ या शेंगांच्या जत्रेला तर नंदीने शेतातील शेंगा खाल्ल्याची आख्यायिका जोडलेली आहे. परक्या पिकाला आख्यायिका मिळाली की ते देशी होते. मराठीने रताळ्याला नाव दिले, बंगळूरने भुईमुगाला कथा दिली. दोन्ही मार्ग एकाच ठिकाणी पोचतात.

फुफाट्याचे शास्त्र

मराठी आचारात उकडण्याइतकेच भाजण्यालाही महत्त्व आहे. कन्नडातही भाजलेल्या रताळ्याला ‘सुट्ट गेणसु’ असा सरळ शब्द आहे. भाजण्याच्या या रीतीची साक्ष मराठी भाषा चांगली देते. ‘आगीतून फुफाट्यात’ या वाक्प्रचारातील फुफाटा म्हणजे निखारे विझत आल्यावर उरणारी, वरून निवलेली दिसणारी पण आत धग धरून असणारी राख. म्हणीत ती संकटाची खूण आहे, स्वयंपाकात मात्र ती सर्वांत संयमी भट्टी आहे. हिवाळ्यात हुरड्यासाठी शेतात आगटी केली की कणसे भाजून झाल्यावर त्याच आगटीच्या राखेत रताळी पुरण्याची रीत आहे. गुऱ्हाळाच्या चुलाणाच्या तोंडाशीही रताळी भाजली जातात, आणि उकळत्या रसाच्या काहिलीत फडक्यात बांधून सोडलेली रताळी ही गुऱ्हाळावर आलेल्या मुलांची खास मिजास असते.

फुफाट्यातील रताळे उकडलेल्या रताळ्यापेक्षा गोड लागते, या लोकानुभवाला रसायनशास्त्राचा आधार आहे. रताळ्यात पिष्टाचे माल्टोज या शर्करेत रूपांतर करणारे बीटा-अमायलेज हे विकर भरपूर असते. कंदाच्या आतील उष्णता साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पुढे गेली की पिष्ट फुलू लागते आणि विकराला त्यावर काम करता येते. उष्णता 80 अंशांच्या आसपास गेली की विकर निकामी होऊ लागते. म्हणजे गोडी तयार होण्यास मिळणारा अवधी या दोन मर्यादांच्या मधला. फुफाट्यात कंद हळूहळू तापतो, त्यामुळे हा अवधी लांबतो. उकळत्या पाण्यात तो लवकर संपतो आणि मायक्रोवेव्ह भट्टीत तर काही मिनिटांतच. शिवाय भाजताना पाण्याचा अंश उडून जातो, शर्करा घट्ट होते, आणि सालीला लागून करपट-गोड थर तयार होतो. काढणीनंतर काही दिवस ठेवलेले रताळे ताज्यापेक्षा गोड लागते, कारण साठवणीतही पिष्टाचे शर्करेत रूपांतर चालू राहते. उकरलेली रताळी लगेच न भाजता चार दिवस पसरून ठेवण्याची सवय या दृष्टीने योग्यच ठरते.

गॅसची शेगडी घरोघर आल्यावर ही रीत शहरांतून मागे पडली. जाळीवर ठेवलेले रताळे बाहेरून करपते आणि आत कच्चे राहते. त्यामुळे कुकरमध्ये उकडणे हाच सोपा मार्ग ठरला. या बदलात पदार्थाचे नाव तेच राहिले, उपवासही तोच राहिला, मात्र चव बदलली.

बेळगावचे शेत

कर्नाटकात रताळ्याच्या लागवडीसाठी बेळगाव जिल्हा विशेष प्रसिद्ध आहे, आणि त्यातही सह्याद्रीकडे कललेला बेळगाव तालुक्याचा पश्चिम पट्टा. उचगाव, बेळगुंदी, बेकिनकेरे ही या पट्ट्यातील मराठी भाषक गावे. सीमेपलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यातही हेच पीक आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा भूभाग दोन राज्यांत विभागला गेला, पीकपद्धती मात्र एकच राहिली. भरपूर पाऊस, निचरा होणारी तांबडी जमीन आणि हलके उतार या पिकाला मानवतात. पावसाळ्याच्या आरंभी वेलाचे तुकडे वरंब्यावर लावले जातात. साधारण चार महिन्यांत पीक काढणीला येते. बियाण्याचा वेगळा खर्च नाही, पाणी आभाळाचे, आणि वेल गुरांना चारा म्हणून उपयोगी. लहान शेतकऱ्याला परवडणारे असे हे पीक आहे.

त्याचा भाव मात्र पंचांगाशी बांधलेला असतो. बेळगावच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत येणारे रताळे मोठ्या प्रमाणावर दिल्ली, मुंबई, गुजरात अशा दूरच्या बाजारांत जाते. नवरात्रात मागणी चढते, महाशिवरात्रीला पुन्हा चढते, आणि मधल्या काळात आवक वाढली की भाव कोसळतो. काढलेले रताळे फार काळ टिकत नाही. घासलेली किंवा फाळ लागलेली साल लवकर कुजते. त्यामुळे भावाची वाट पाहत बसणे शेतकऱ्याला शक्य नसते. उपवासाच्या परंपरेने या पिकाला ग्राहक मिळवून दिला, आणि त्याच परंपरेने त्याची मागणी मोजक्या तिथींत कोंडली, असे येथे दिसते. रताळे ‘उपवासाचे’ म्हणून ओळखले जाणे हे या शेतकऱ्यांच्या दृष्टीने एकाच वेळी आधार आणि अडचण आहे.

तोंडीलावणे

हिवाळ्यात दिल्लीच्या रस्त्यांवर रताळी कोळशावर भाजून, सोलून, तुकडे करून, लिंबू, सैंधव व चाट मसाला लावून विकली जातात. कधी त्यात कमरखाच्या फोडी असतात. उत्तरेकडे गेलेल्या बेळगावच्या रताळ्याला असे जेवणाआधीच्या चटपटीत खाण्याचे रूप मिळते. मराठी ताटात ‘जेवणाआधीचा’ असा स्वतंत्र टप्पा परंपरेने नाही. तेथे पदार्थांचा क्रम काळाने नव्हे, तर जागेने ठरतो. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे ही डावी बाजू, भाजी उजवी. भाजलेले रताळे कुस्करून त्यात दही, जिरे, मिरची, दाण्याचे कूट घातले की ते भरीत किंवा कोशिंबीर होऊन डाव्या बाजूला येते. नुसते तूप-मिठाबरोबर खाल्ले तर तो फराळ. ‘तोंडीलावणे’ हा मराठी शब्द या स्थानाचे नेमके वर्णन करतो : मुख्य अन्नाला चव देणारा, स्वतः मुख्य नसणारा पदार्थ.

बंगळुरातील उपाहारगृहांत व घरांत अलीकडच्या दशकांत विजेच्या भट्टीचा वापर वाढला आणि भाजलेले रताळे तेथे निराळ्या वेषात परत आले. सालीसकट लांबट फोडी करून, तेल, मीठ, मिरपूड वा तिखट चोळून, सुमारे 200 अंशांवर अर्धा ते पाऊण तास भाजून ते जेवणाच्या आरंभी किंवा मुख्य पदार्थाशेजारी वाढले जाते. कडा कुरकुरीत होण्यासाठी ही रीत चांगली. मात्र फोडी लवकर तापत असल्याने फुफाट्यातील गोडी त्यांत पूर्णपणे उतरत नाही. अखंड रताळे मंद भट्टीत तास-सव्वा तास ठेवले तर जुन्या चवीच्या बरेच जवळ जाता येते. तंत्र नवे असले तरी तत्त्व फुफाट्याचेच आहे. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने विकसित केलेले ‘भू सोना’ हे नारिंगी गराचे आणि ‘भू कृष्णा’ हे जांभळ्या गराचे वाण या नव्या वापराला अनुरूप आहेत. पहिल्यात अ-जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य आणि दुसऱ्यात अँथोसायनिन विपुल असते. जांभळ्या गराच्या रताळ्यामुळे, गुजरातीने जपलेल्या मूळ ‘रताळू’चा रंग योगायोगाने मराठी रताळ्यात आला आहे.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, रताळ्याचे मराठी नाव हा त्याच्या प्राचीनतेचा पुरावा नसून त्याच्या स्वीकाराचा पुरावा आहे. रक्तालु जुना, रताळे नवे. दुसरी, व्रताचाराने पदार्थांची यादी न करता वर्ग केले होते, म्हणूनच नव्या कंदाला त्यात जागा मिळाली. परंपरा टिकली ती बंद राहिल्यामुळे नव्हे, तर तिच्या वर्गवारीत मोकळी जागा असल्यामुळे. तिसरी, भाजण्याचे जे ज्ञान कोठे लिहिलेले नव्हते ते चूल गेल्याबरोबर विसरले जाण्याचा धोका आहे, आणि त्याचबरोबर या पिकाची मागणी केवळ दोन-चार तिथींपुरती उरण्याचाही.

रताळे देशी आहे असे सिद्ध करण्याची धडपड या संदर्भात अनावश्यक वाटते. चारशे वर्षे ज्या मातीत ते पिकले, ज्या राखेत भाजले गेले आणि ज्या दोन भाषांनी त्याला आपापली नावे दिली, त्यांचे ते झालेच आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला एवढेच करायचे आहे की, ‘आपले झालेले’ आणि ‘मुळापासून आपले’ यांतील फरक नोंदवून ठेवावा. उपवासाबाहेर, रोजच्या ताटात तोंडीलावणे म्हणून भाजलेल्या रताळ्याला जागा मिळाली, तर उचगाव-बेळगुंदीच्या शेतकऱ्याला पंचांगापलीकडचा ग्राहक मिळेल. असा बदल या कंदाच्या इतिहासाशी सुसंगतच ठरेल, कारण प्रत्येक नव्या ताटात जागा करून घेणे हेच त्याने आजवर केले आहे.